दारात उभी राहिलेली सायकल

मित्रांनो, माझ्या चाकांत आता हवा नाही आणि साखळीला गंज चढला आहे. तरी या मोडक्या सायकलीचं तुम्ही घटकाभर ऐकावं, एवढंच मागणं आहे.

माझा जन्म विलायतेत झाला म्हणतात. मला ते आठवत नाही. सुटी सुटी पेटीतून आले, सोलापुरातल्या एका दुकानात जोडली गेले, तिथून पुढचं आठवतं. मला मानसिंगरावांनी घेतलं. ते आधी शाळामास्तर होते. अडतीस साली नवा कायदा आला. पहिल्यांदाच चुकलेल्या माणसाला तुरुंगात न धाडता वर्षभर नीट वागण्याच्या बोलीवर घरी सोडायचं आणि त्याच्यावर देखरेखीला एक अधिकारी नेमायचा. त्याला प्रोबेशन ऑफिसर म्हणत. मानसिंगराव ते झाले. त्यांनी हौसेनं पेंटरकडून माझ्या मागच्या मडगार्डवर पांढऱ्या अक्षरांत हुद्दा लिहून घेतला. नव्या नवरीनं मळवट भरून मिरवावं तशी मी गावभर मिरवले.

त्यांच्या देखरेखीखालच्या माणसांत गुंडा नावाचा एक जण होता. मंद्रूपचा धनगर, पंचविशीतला. बाजारात दुसऱ्याची शेळी आपली म्हणून विकली आणि पकडला गेला. वर्षभराच्या बोलीवर सुटल्यावर शुक्रवार पेठेत रेवणप्पांच्या घोंगड्यांच्या दुकानात कामाला लागला. लोकरीवर नुसता हात फिरवून मेंढरू कुठल्या रानात चरलं ते सांगायचा. रेवणप्पांना शेळीचं काही ठाऊक नव्हतं.

पहिल्याच भेटीत गुंडा हात जोडून म्हणाला, "सायब, दुकानावर ही सायकल घेऊन येऊ नगा. तेवढं पाळा."

"मग मालकाला तूच सांगून टाक की."

"सांगतो की! वरीस पुरं होऊ द्या. मग मीच म्हनंल, मालक, मी असा व्हतो, आता असा हाय. आत्ता कुटल्या तोंडानं सांगू?"

मानसिंगरावांना ते पटलं. तेव्हापासून ते मला पेठेच्या कोपऱ्यावर, फुलं विकणाऱ्या मायाक्काजवळ लावत आणि गिऱ्हाईक होऊन चालत दुकानात जात. दर सोमवारी, न चुकता. एखादी बाई सोळा सोमवार करते त्याच निष्ठेनं.

मायाक्का हसायची. "काय वो सायब, घोंगडी चाचपून चाचपून झिजवलीसा. एक तरी घ्या की!"

"घेईन, घेईन. अजून मनाजोगती मिळाली नाही."

अकरा महिने असे गेले. गुंडाबद्दल एकही वावगा शब्द आला नाही. मग मानसिंगरावांनी आपण होऊन कोर्टात अर्ज केला आणि मॅजिस्ट्रेटसाहेबांनी उरलेला महिना माफ केला.

मित्रांनो, तो दिवस आठवला की अजून माझ्या सांध्यांत कळ येते. कागद हातात पडताच मानसिंगराव माझ्यावर बसले ते थेट निघाले. मायाक्काचा कोपरा मागं गेला. मला वाटलं, उतरतील, आता उतरतील. अकरा महिने पाळलेला वसा त्यांनी आनंदाच्या भरात टाकला आणि मीही आनंदानं पळाले, माझी घंटी खणखणवत. त्यांनी मला दुकानाच्या पायरीला टेकवलं आणि बाहेरूनच ओरडले,

"गुंडा, सुटलास रे बाबा! सुटलास!"

आत दोन गिऱ्हाइकं बसली होती. गुंडानं त्यांच्यापुढं घोंगडी पसरली होती. रेवणप्पांनी मान वर केली.

"कशातनं सुटला?"

रेवणप्पा उठून पायरीवर आले. वाकून त्यांनी माझ्या मडगार्डवरची अक्षरं एकेक करून वाचली. ज्या अक्षरांचा मला एवढा तोरा होता, ती त्या वेळी पुसून जावीत म्हणून मी तळमळले.

"शेळीची चोरी," मानसिंगराव खालच्या आवाजात म्हणाले. "पण तो फार चांगला वागला हो. आज कोर्टानंसुद्धा..."

"चोरी मी एक डाव गिळली असती, साहेब," रेवणप्पा म्हणाले. मग गुंडाकडं वळले. "वरीसभर माझ्या घरचं जेवलास. दुकानाची किल्ली तुझ्या कमरंला. तोंड उघडायला काय झालं होतं रे तुला?"

"सांगणार व्हतो, मालक."

"कवा?"

"वरीस पुरं झालं की."

गिऱ्हाइकांतला एक जण हसला. त्या हसण्यानं सगळं संपलं. गुंडानं घोंगडीची नीट घडी घातली, फळीवर ठेवली, किल्ली काढून मालकापुढं ठेवली आणि खाली उतरला. मानसिंगराव कागद घेऊन मागं धावले.

"ऱ्हाऊ द्या, सायब. तुमीच ठिवा," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं मंद्रूपला गेलो. गुंडाची आई केराबाई झोपडीपुढं बसली होती. तिनं आधी तांब्याभर पाणी दिलं.

"मेंढरांमागं गेलाय, भीमंच्या पल्याड. कवा येतोय काय की."

"आई, माझी चूक झाली. मी रेवणप्पांची समजूत काढतो. पुन्हा येतो."

केराबाईनं आजूबाजूला पाहिलं. शेजारची चार माणसं कुडाशी येऊन उभी होती, माझ्याकडं बघत.

"तुमी देवमानूस हायसा, रावसायब. म्हनून पाया पडून सांगते. माफी झाल्याव बी तुमी आलासा, तर लोक म्हनतील, पोरानं आता आनी काय केलं? आता येऊ नगा."

घरी येऊन मानसिंगरावांनी चाकूनं माझ्यावरची अक्षरं खरवडून काढली. नोकरी सोडली नाही, पण पुढं सगळीकडं ते पायीच गेले. मी परसात राहिले ती राहिले. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मला तेलपाणी करा असंही मी म्हणत नाही, मित्रांनो. पण कुणाची चूक तुम्हाला कळली, तर ती त्याची ठेव समजून जपा. ती कधी आणि कुणापुढं उघडायची, हे त्याचं त्याला ठरवू द्या. चांगली बातमी नेतानाही एवढा विचार करा.

गुंडा आता कुठं असेल, मला माहीत नाही. असेल तिथं त्याला जाब विचारणारा भेटायच्या आधी ऐकून घेणारा भेटो, एवढंच देवाजवळ मागते.