एक्केचाळीस काड्यांचा कुत्रा

"हात लावायचा नाही! कुणीच नाही!"

कोमने दोन्ही हात आडवे पसरले आणि ती चटईसमोर उभी राहिली. अंगणातल्या चटईवर काल संध्याकाळी मांडलेलं पौर्णिमेचं ताट जसंच्या तसं होतं. केळ्यांची फणी, सीताफळं, तडकलेलं डाळिंब, कोवळ्या भाताचे हिरवे पोहे, साच्यात दाबलेले दोन पांढरे केक आणि या सगळ्यांच्या वर मान ताठ करून बसलेला पपनसाच्या फोडींचा कुत्रा. सकाळचे आठ वाजले होते. अकरा वाजता कोमला हनोईच्या विमानतळावर न्यायला गाडी येणार होती.

शेजारच्या हान्हने भिंतीवरून डोकं वर काढलं. ही बाई गल्लीच्या तोंडाशी चहा विकायची आणि चहाबरोबर टोमणे फुकट द्यायची.

"काय हो लुआताई, सगळ्या गल्लीची ताटं काल मोडून झाली, धुऊन पालथी पडली. तुमच्याकडे चंद्र मावळलाच नाही वाटतं?"

"मावळेल गं," कोमची आजी लुआ म्हणाली. तिला हसायचं होतं, पण जमलं नाही.

आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला मुलं कंदील मिरवून परत येतात, ताट चंद्राला दाखवलं जातं आणि मग मुलं त्याच्यावर तुटून पडतात. त्यालाच ताट मोडणं म्हणतात. काल गल्लीतली सात-आठ पोरं अशीच धावत आली होती. कोमने ताटावर अंगच टाकलं. आधी पोरांना गंमत वाटली, मग ती हिरमुसली. शेवटी लुआने घरातले पेरू त्यांच्या हातावर ठेवले आणि पोरं दुसऱ्या अंगणात पळाली. कोम ताटाशेजारीच झोपी गेली. तिला आत नेऊन ठेवलं, तर उजाडताच पुन्हा येऊन बसली, हातात माश्या हाकायला पंखा घेऊन.

साडेपाच वर्षांच्या पोरीला एवढा हट्ट कुठून सुचला, हे बाकी कुणाला कळलं नाही. लुआला मात्र नीट माहीत होतं, कारण चूक तिचीच होती.

उन्हाळ्यात कागद आले. कोमची आई थाम चार वर्षांपूर्वी प्रागला गेली होती, तेव्हा पोर दीड वर्षाची होती. आता तिथे थामचं बस्तान बसलं होतं, लेकीला न्यायची परवानगी मिळाली होती आणि शाळेतही नाव घातलं होतं. त्या दिवशी कोमने विचारलं, "आजी, कधी जायचं?" लुआ भाजी निवडत होती. पौर्णिमा तीन महिने लांब होती. एवढ्या लांबच्या गोष्टीला कोण भितं? ती सहज बोलून गेली, "ताट मोडलं की."

मोठ्या माणसाने यातून तारीख ऐकली असती. कोमने अट ऐकली. ताट मोडलं की जायचं; म्हणजे ताट मोडलंच नाही, तर जायचं नाही.

*

लुआने चोवीस वर्षं बालवाडीत स्वयंपाक केला. नदीकाठच्या त्या छोट्या गावात डॉक्टर नसलेल्यांना डॉक्टर म्हणत नाहीत, पण न खाणाऱ्या पोरांच्या बाबतीत लुआला तोच मान होता. एखादं पोर तोंड मिटून बसलं की बाई म्हणायच्या, "पाठवा लुआबाईंकडे." मग लुआ त्या पोराला ओट्याशी स्टुलावर बसवायची. हात धुवायला लावायची. भाताचा गोळा करून त्याला तिळाचे डोळे लावायची, उकडलेल्या अंड्याला गाजराची चोच लावून कोंबडीचं पिल्लू करायची, काकडीची होडी करून तिच्यात चार कोळंब्या बसवायची. वर म्हणायची, "हा खलाशी जरा आगाऊ आहे, याला आधी खा."

तिचा एक नियम होता. ती भाजी लपवून घालत नसे. "यात पालक आहे, बरं का," असं पोराला तोंडावर सांगायची. बाकीच्या आया हसायच्या, सांगितल्यावर कोण खाणार म्हणून. पण पोरं खायची. एकदा फसवलेलं पोर दुसऱ्यांदा तोंड उघडत नाही, हे तिचं म्हणणं होतं आणि चोवीस वर्षांत ते खोटं ठरलं नव्हतं.

पौर्णिमेचा कुत्रा ही मात्र तिची खरी ओळख. पपनसाच्या प्रत्येक फोडीची साल आतल्या कडेने चिरून उलटी करायची, म्हणजे गराचे दाणे बाहेर फुलारून येतात आणि केसांसारखे दिसतात. कच्च्या पपईचं धड, गाजराचे पाय, त्यावर या फोडी दातकोरण्याच्या काड्यांनी टोचत जायच्या. डोळे काळ्या घेवड्याचे. एका कुत्र्यात एक्केचाळीस काड्या. एकही जास्त नाही, एकही कमी नाही, कारण ताट मोडताना एखादी काडी पोराच्या तोंडात गेली तर? म्हणून ताट मोडून झालं की लुआ खाली बसून काड्या मोजायची. एक्केचाळीस भरल्याशिवाय उठायची नाही. मुख्याध्यापिका दारात ताटकळल्या तरी नाही.

यंदा तिने कोमसमोर बसून कुत्रा केला. कोम काड्या मोजून देत होती. चाळिसाव्या काडीला तिने विचारलं, "आजी, याला खायचंच असतं का?"

"खाण्यासाठीच तर केलाय."

एक्केचाळिसावी काडी कोमने जरा उशिराच दिली. तेव्हाच लुआने ओळखायला हवं होतं.

*

साडेआठला थाम अंगणात आली. केस नीट बांधलेले, अंगात प्रवासाचा कोट. त्या उन्हात तो कोट बघूनच घाम फुटत होता. येऊन तिला दहा दिवस झाले होते. दहा दिवसांत कोमने तिला एकदाही 'आई' म्हटलं नव्हतं. फोनच्या पडद्यावर म्हणायची, लांबून हात हलवायची. समोर आल्यावर मात्र "त्यांना सांग", "त्यांना दे", असं चालायचं.

"कोम, आईकडे बघ. आईने काय आणलंय बघ." थामने चॉकलेट पुढे केलं.

"आजी, त्यांना सांग, कोमला भूक नाहीये."

"कालपासून पोटात काही नाही तुझ्या! चल, एक केळं तरी खा." थामने फणीकडे हात नेला.

कोमने असा काही टाहो फोडला की हान्हच्या टपरीवरची दोन गिऱ्हाईकं उठून उभी राहिली. थामने हात मागे घेतला. ती वळून स्वयंपाकघरात गेली. लुआ तिच्या मागे गेली.

"आई, तू पहाटे का नाही गं मोडलंस?" थाम दबल्या आवाजात म्हणाली. "ती झोपली होती तेव्हा उचलायचंस ना सगळं. चंद्राने नेलं म्हणून सांगितलं असतं. लहान आहे, मानलं असतं तिने."

पहाटे लुआ खरंच गेली होती. अंगणात चटईशी बसली, कुत्र्याच्या कानापर्यंत हात नेला आणि तसाच खाली घेतला. कोमला फसवायचं नाही, हे झालं एक कारण. पण खरं सांगायचं तर ते कारण मागाहून सुचलेलं होतं. लुआलाही ताट मोडायचं नव्हतं. एकोणसाठ वर्षांची, चोवीस वर्षं पोरांना शहाणपण शिकवलेली बाई पहाटेच्या उजेडात तिथे बसून साडेपाच वर्षांच्या पोरीइतकीच मनापासून विचार करत होती, की नाही मोडलं तर नाही जायचं.

"ती माझ्या हातचं खात नाही, आई," थाम म्हणाली. आता ती रडत होती, कोटाच्या बाहीने नाक पुसत. "दहा दिवसांत एक घास नाही. तिथे काय करू मी? तिथे 'पाठवा लुआबाईंकडे' म्हणायला कुणी नाहीये. मी व्हिडिओ घेतलेत तुझे, पिल्लू कसं करायचं, होडी कशी करायची. पण माझ्या हातचं पिल्लू तिने खाल्लं नाही तर?"

"खाईल."

"कशावरून?"

दुसऱ्याच्या पोरांबद्दल लुआने हजारदा "खाईल" म्हटलं होतं आणि ती खाताना स्वतः समोर असायची. इथून पुढे समोर असायचं नव्हतं.

"ठेवून घ्या ना पोरीला," असं हान्ह दोनदा म्हणाली होती. म्हणायला काय जातं? थाम तिची आई होती. चार वर्षं परक्या गावात बारा-बारा तास राबली ती याच दिवसासाठी. लुआ नाही म्हणाली असती तर लेक दुरावली असती आणि हो म्हटल्याने नात जात होती. कुठूनही बघितलं तरी हातात काही उरत नव्हतं.

साडेनऊ झाले. लुआने बेसिनपाशी जाऊन हात धुतले. कोपरापर्यंत, साबण लावून, बालवाडीत धुवायची तसे. मग अंगणात जाऊन ती चटईवर कोमसमोर बसली.

"कोम, आजीचं चुकलं."

कोमने पंखा थांबवला.

"आजी म्हणाली होती, ताट मोडलं की जायचं. ते चुकीचं सांगितलं आजीने. ताटाचा आणि जाण्याचा काही संबंध नाही. ताट मोडलं तरी अकराला गाडी येणार. नाही मोडलं तरी अकराला गाडी येणार."

कोम तिच्या तोंडाकडे बघत राहिली. आजी खोटं बोलत नाही, हे तिला माहीत होतं. पालक असेल तर पालक आहे म्हणून सांगते.

"नक्की येणार?"

"नक्की."

"मग कोमने एवढं राखलं ते?"

"ते... छान राखलंस. एक माशी बसू दिली नाहीस."

कोमला रडायलाही आलं नाही. कालपासून ओरडून ओरडून ती दमली होती. तिने कुत्र्याकडे बघितलं. त्याच्या पाठीवरचे दाणे सुकून पिवळट पडले होते, एक कान लोंबत होता.

"त्याला दुखतंय का?"

"नाही गं. सुकतोय नुसता. खायचं असतं ते वेळेत खाल्लं नाही तर सुकतं."

"मग आजीनेच मोड."

आयुष्यात पहिल्यांदा लुआने स्वतः केलेला कुत्रा स्वतः मोडला. नेहमी पोरं मोडायची. तिचं काम काड्या मोजण्याचं. लोंबलेला कान तिने अलगद सोडवला, काडी काढून बशीत ठेवली, फोड सोलली. कोमने सवयीने तोंड उघडलं.

लुआने घास दिला नाही. तिने मागे वळून हाक मारली, "थाम, हात धुऊन ये."

थाम आली. लुआने ती फोड तिच्या ओल्या हातावर ठेवली आणि चटईवर थोडी सरकून तिला जागा करून दिली.

कोमचं तोंड मिटलं. तिने आजीकडे बघितलं. या बघण्याला लुआ उभा जन्म ओळखत होती. बालवाडीत नवीन आलेलं प्रत्येक पोर पहिल्या दिवशी असंच बघायचं, खाऊ का म्हणून विचारायचं.

"पपनस आहे," लुआ म्हणाली. "जरा आंबट लागेल. आई देतेय."

थामचा हात तसाच पुढे होता. मग कोमने डोळे गच्च मिटले आणि तोंड उघडलं.

तिने चावलं, तोंड वाकडं केलं, गिळलं. "आंबट आहे," ती थामला म्हणाली. आजीला सांगायला नाही सांगितलं, सरळ तिलाच म्हणाली.

लुआला हेच हवं होतं. त्यासाठीच तर तिने फोड दिली. तरी आतून असं काही तुटलं की तिने उठून उगाच केळ्याची फणी धुवायला नेली.

*

गाडी दहा मिनिटं आधीच आली. अशा गाड्या नेमक्या लवकर येतात. सामान चढलं, हान्हने पोरीच्या खिशात खारवलेल्या बिया कोंबल्या आणि या वेळी एकही टोमणा मारला नाही. कोमने खिडकीतून विचारलं, "आजी, पुढच्या पौर्णिमेला कुत्रा कोण करणार?"

"तुझी आई करेल. तिने बघितलंय."

"किती काड्या ते माहितीये का त्यांना?"

"तू सांग तिला."

गाडी गल्लीच्या वळणावरून गेली. हान्ह डोळे पुसत टपरीकडे वळली. लुआ अंगणात आली. फोडी खाऊन झाल्यावर ताटात कुत्र्याचं उरलं होतं पपईचं धड, गाजराचे पाय आणि दोन काळे डोळे. ती मांडी घालून बसली आणि काड्या काढून बशीत टाकू लागली. दहा, वीस, तीस. शेवटची काढून तिने पुन्हा मोजल्या.

चाळीस.

तिने ताट उचलून बघितलं. साली झटकल्या. चटई उलटी केली. मग गुडघ्यावर बसून ती फरशीवरून हात फिरवू लागली, कडेकडेने, कोम बसायची त्या स्टुलाखाली, कुंड्यांच्या मागे.

हान्हने भिंतीवरून बघितलं. "काय शोधताय हो?"

"काडी. एक कमी भरतेय."

"राहू द्या ना, ताई. आता कुणाला टोचणार आहे?"

लुआने मान वर केली नाही. ऊन पायरीपर्यंत आलं होतं. ती पायरीच्या फटीतून बोट फिरवत पुढे सरकली.