निळ्या गाडीच्या पोटाखालून

मी बोलतोय. वर कशाला बघता? वर जे निळं टपरं दिसतंय ते मी नाही. मी त्याच्या खाली आहे, चार चाकांच्या मधला चिखलानं माखलेला लोखंडी सांगाडा. गॅरेजवाले मला चेसिस म्हणतात. सरकारी कागदावरचा नंबर माझ्या अंगावर कोरलेला आहे, पण चामोर्शीत जो तो फोटो काढतो तो वरच्या टपऱ्याचा. असू द्या. मला फोटोची हौस नाही.

बत्तीस वर्षांचा झालो. शाळेत एकदाच गेलो, निवडणुकीच्या पेट्या घेऊन. त्यामुळे बोलणं थोडं आडदांड लागेल, सांभाळून घ्या. नाही घेतलं तरी मी बोलणारच.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी जीप होतो, चारही चाकांना ओढ असलेली. साध्या गाडीत दोन चाकं ओढतात अन् दोन नुसती मागे-मागे फिरतात. माझी चारही कामाला. पहिली दहा-बारा वर्षं कोरपन्याकडे एका चुनखडीच्या खाणीत साहेब लोकांना फिरवलं. साहेब किती बदलले, पण सवय एकच. चढ आला की दांडी घट्ट धरायची, आणि वर पोचलो की गाडी आपणच चढवली अशा थाटात खाली उतरायचं.

मग एका कापूसवाल्याकडे गेलो. त्यानं माझ्यावर इतका कापूस लादला की समोरून येणाऱ्याला ढगच चालत येतोय असं वाटे. वरचा पत्रा गंजून गळला तसं त्यानं मला बाभळीखाली टाकलं. सात वर्षं तिथे. वालाचा वेल चढला, शेरडं नाचली, एका कोंबडीनं माझ्या गिअरबॉक्सपाशी अंडी घातली आणि पिल्लं काढली. माझ्या हातून झालेलं नाजूक काम म्हणाल तर तेवढंच.

तिथे मला देवराव भेटला. चामोर्शीच्या रस्त्याला त्याचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज. पोट सुटलेला, मिशी पांढरी, आणि आपल्याला सगळं येतं याची पक्की खात्री. त्यानं हातोडीनं मला दोन-तीन ठिकाणी ठोकलं, कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "हाडं मजबूत हायेत बुढ्याची."

बुढा! तो स्वतः साठीला टेकला होता.

त्याला माझी गरज का पडली ते सांगतो. त्याची मुलगी मयुरी नर्स आहे. जंगलातल्या एका गावात उपकेंद्रावर तिची नेमणूक, आणि गावाच्या अलीकडे नाला. लसीचा डबा दर वेळी चामोर्शीहून न्यायचा. उन्हाळ्यात त्या नाल्यात शेरडं झोपतात. पावसाळ्यात पलीकडचं गाव सरळ दुसरा देश होतो. रस्त्याची गाडी त्यातल्या गोट्यांवरून जात नाही. मयुरीनं बापाला स्पष्ट सांगितलं होतं.

"बाबा, मागच्या पावसाळ्यात दोनदा लसीकरण हुकलं. लसीचा डबा घेऊन मी इकडच्या काठाले, अन् लेकरं तिकडच्या काठाले. मले तोंड दाखवाची लाज वाटते. यंदा लसीचा एक बी वार हुकला तं मी बदली मागून चंद्रपूरले जाईन."

देवरावाला ते लागलं. आठवडी बाजारात वांगी घेता घेता सुद्धा तो लोकांना सांगे, "माही पोरगी तिथली डॉक्टरच समजा." ती चंद्रपूरला गेली म्हणजे ही ऐट गेली, आणि दर रविवारी तिचं घरी येणं गेलं. दुसरी गोष्ट तो कोणाला बोलला नाही. गॅरेजमध्ये माझ्याखाली उताणा पडून माझे नट आवळताना मात्र स्वतःशी बोले. मी ऐकलं आहे.

आता माझ्या अंगावर पत्रा हवा. गॅरेजच्या मागे एक काळी-पिवळी प्रवासी गाडी पडून होती. तिचा सांगाडा एका झाडाला धडकून वाकलेला, वरचं अंग मात्र धडधाकट. नऊ जणांच्या जागेत अठरा कोंबून तिनं मूल ते चामोर्शी जन्म काढला होता. आत पडदे, झालर, लोंबणारे गोंडे. देवरावानं परवानगीचा कागद काढला आणि मग साखळीनं उचलून ते टपरं माझ्यावर ठेवलं. चाकाची खाच आणि माझं चाक यांत चार बोटांचा फरक. ते काही जुळेना. शेवटी त्यानं तिची खाच कापली. लग्नात जुळवून घ्यायचं कोणी, हे तिथेच ठरलं.

पासिंगच्या साहेबानं मला चारी बाजूंनी पाहिलं. "हे नेमकं काय आहे?"

"साहेब, खालून जीप, वरून सवारी गाडी," देवराव म्हणाला. "अन् मधात मी."

साहेब हसला, पण काळा-पिवळा रंग पुसायला लावला. ट्रॅक्टरचा निळा रंग उरलेला होता, तो चोपडला. म्हणून मी निळा.

खरी गंमत मधल्या गुटक्यांची, म्हणजे ठोकळ्यांची. टपरं आणि मी, दोघांच्या मध्ये आठ ठिकाणी रबराचे गुटके लागतात, म्हणजे मी हादरलो तरी वरचे हादरत नाहीत. ते नागपूरहून यायचे होते. आले नाहीत. तेव्हा लच्छू सुतार बोलला. लच्छूनं जन्मभर बैलगाड्या केल्या. त्याच्या मते जगातली कोणतीही गाडी ही बैलगाडीच असते, फक्त काहींचे बैल आत लपवलेले असतात.

"देवरावभाऊ, रबर काऊन पाह्यजे? मी लाकडाचे करून देतो. तुमची गाडी मोडन, माहे गुटके नाई मोडनार."

त्यानं चार सागाचे केले. साग संपला. मग चार येनाचे, म्हणजे ऐनाच्या लाकडाचे केले. डाव्या बाजूला साग, उजव्या बाजूला येन, असे बसवून टाकले. वच्छलाबाई, म्हणजे देवरावाची बायको, चहा घेऊन आली आणि थबकली.

"अवो, हे दोन जातीचं लाकूड हाय. येन पानी पेते. आपल्या न्हानीचं दार नाई का फुगलं?"

"हे गाडी हाय वच्छला, न्हानी नाई," देवराव म्हणाला. लच्छूनं मान डोलावली. दोन जाणते पुरुष एका बाजूला झाले की बाईनं कपबश्या उचलाव्यात, अशी तिथली रीत. तिनं उचलल्या.

आषाढात आठ दिवस झड लागली. लसीकरणाच्या सकाळी माझं दार लागता लागेना. देवरावानं लाथ मारून लावलं. मयुरी बाजूला बसली, मांडीवर लसीचा डबा. आम्ही नाल्यावर आलो. पाणी किती, गोटे कुठे, काही न बघता या गृहस्थानं मला सरळ आत घातलं. पाणी बोनटवर आलं, मयुरीनं डबा डोक्यावर धरला, आणि मी चारही पायांनी ओरबाडत पलीकडे निघालो. माझं काम मी चोख केलं, हे लिहून ठेवा.

"पाह्यलं?" देवराव ओरडला. "पाह्यलं का बापाचं काम?"

मयुरीनं दार उघडायला हात घातला. उघडेना. मागचं उघडेना. देवरावाचंही उघडेना. उजवीकडचं येन पाणी पिऊन टम्म फुगलं होतं, डावीकडचा साग होता तसाच. टपरं एका अंगानं वर उचललं गेलं, पिळलं, आणि चारही दारं चौकटीत जाम. मागचं मोठं दार तर देवरावानं वेल्डिंगनंच बंद केलेलं.

झाडाखाली बायका लेकरं घेऊन बसल्या होत्या. त्यांतली धुरपता नावाची म्हातारी नातवाला कडेवर घेऊन जवळ आली, काचेत डोकावली.

"नर्सबाई, तुमच्या गाडीले दार ठेवाचं राह्यलं का व?"

मयुरीनं खिडकीतून आधी डबा दिला. मग स्वतः निघाली, आधी डोकं, मग खांदे. बायकांतल्या दोघींनी तिला ओढून घेतलं. देवरावानंही प्रयत्न केला. छातीपर्यंत आला. पुढचं पोट मागे राहिलं.

तीन तास तो आत बसला. सुई टोचल्यावर लेकरू रडू लागलं की आया त्याला माझ्याकडे आणत आणि पिंजऱ्यातले आजोबा दाखवत. लेकरं गप्प होत. कोणीतरी खिडकीतून चहा दिला. चहा पिता पिता देवरावानं त्यांना चारही चाकांना ओढ कशी असते ते समजावून सांगितलं. लाज हा पार्ट त्याच्यात कंपनीनं बसवलाच नव्हता.

घरी आल्यावर टॉमीनं, म्हणजे लोखंडी पहारीनं, दार उचकटावं लागलं. मयुरी आधीच खिडकीतून उतरून गेली होती. ती हसली नाही.

"बाबा, आज लेकरं झाली. पन तुमी पानी न पाह्यता गाडी घातली. डबा वाहून गेला असता तं? तुमी गेले असते तं? ऐका, गाडी आता मी चालवीन. नाई तं मी उद्याच बदली मागीन."

देवराव मिशी चाचपत बसला. दोन महिने खपून त्यानं मला उभं केलं होतं ते लेकीला स्वतः नेऊन सोडावं म्हणून. गाडी हातातून काढून घेतल्यासारखं झालं त्याला. हाच माणूस पासिंगच्या साहेबाला "मधात मी" म्हणाला होता.

वच्छलाबाई उठली. मोरीजवळ कोळसा खाणीच्या पट्ट्याचं जाड रबर पडलं होतं, त्यावर बसून ती भांडी घाशी. ते तिनं उचललं आणि नवऱ्यापुढे आणून टाकलं. "कापा." लच्छूनंच आठ गुटके कापले, दोन दिवस कोणाशी न बोलता. तेव्हापासून माझी दारं लोण्यासारखी उघडतात.

बाजार नसलेल्या दिवशी बाजाराच्या मैदानात मयुरी चालवायला शिकली. देवराव बाजूला बसून क्लच, क्लच करत राहिला. माझा क्लच त्यानं जेवढा जाळला तेवढा तिनं नाही.

मग श्रावणातला लसीकरणाचा वार आला. वर जंगलात रात्रभर पडला होता. नाला दोन्ही काठ धरून तांबडा वाहत होता. पलीकडे बायका आल्याच होत्या.

"गाडी जाते," देवराव म्हणाला. "मागच्या वेळी गेली का नाई?"

मयुरीनं मला काठावर थांबवलं, इंजिन बंद केलं आणि चाबी काढून पदराला बांधली.

"आता तुहा वार हुकते पाह्य," तो म्हणाला. आवाज चिडका नव्हता, घाबरलेला होता. "हुकला तं तू जाशीन."

तिनं भाकरीचं गाठोडं काढलं. "बसा बाबा. दिवस मोठा हाय. त्या बी बसल्या हायेत."

खरंच, पलीकडे बायकांनी फडकी अंथरली होती. धुरपतानं ओरडून विचारलं, "बुढा आज बाहीर कसा?" देवरावानं तिला ओरडून काहीतरी सांगितलं, पाण्याच्या आवाजात ते कोणालाच ऐकू गेलं नाही, बरंच झालं. बापलेकीनं भाकर खाल्ली. मी उभा. एवढ्या आयुष्यात मला पाण्यात घालणारे पुष्कळ भेटले, काठावर थांबवणारी ही पहिली. खरं सांगतो, माझ्या चाकांना ओढ आहे, पण पोहता एकालाही येत नाही.

दुपार कलली तसं पाणी ओसरलं. गोट्यांची डोकी दिसू लागली. मयुरी स्टिअरिंगवर बसली. देवराव बाजूच्या दारापर्यंत आला, आणि आत बसलाच नाही. त्यानं धोतर खोचलं, काठावरचा एक बांबू उचलला आणि गुडघाभर पाण्यात शिरला. बांबू खुपसायचा, गोटा चाचपायचा, खड्डा लागला की हात उंच करून तिला थांबवायचं, मग डावीकडे, मग पुन्हा पुढे. ती त्याच्या मागोमाग, पहिल्या गिअरमध्ये, त्याच्या चालीनं. चारला सुया सुरू झाल्या. एकही लेकरू राहिलं नाही.

बदलीचा विषय त्यानंतर निघाला नाही. सध्या मी त्याच रस्त्यावर असतो. बुशिंग वाजतात, एक लाईट रुसलेली आहे, बाकी बरा आहे. तुम्ही कधी तिकडून आलात, नाल्यात एक पोट सुटलेला म्हातारा बांबू खुपसत चाललाय आणि त्याच्यामागे निळी गाडी मुंगीच्या पावलानं येतेय असं दिसलं, तर हॉर्न मारू नका. तो बिचकला तर मागे वळेल, आणि मागे वळला की त्याला आठवेल की गाडी आपणच बांधली आहे. मग तो स्टिअरिंग मागेल. माझं वय झालं आहे. चालू द्या त्याला पुढे.