स्वच्छ धुतलेली मच्छरदाणी

मित्रांनो, माझ्या अंगाला असंख्य भोकं आहेत आणि एक सोडून बाकीची सगळी मुद्दाम ठेवलेली आहेत. त्यांतून वारा जातो, उजेड जातो, बाहेरून कुणी हाक मारली तर तीही आत जाते. डास मात्र जात नाही. मी एक जुनी मच्छरदाणी आहे. हल्ली माझा मुक्काम गच्चीवर, टोमॅटोच्या रोपांवर असतो. पाखरं हाकलण्यापलीकडे मला काम नाही, म्हणून म्हटलं, तुम्हांला आपली हकिगत सांगावी.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. यंत्रांनी बारीक धाग्याचे फास एकात एक गुंफून माझं कापड विणलं. मग मला डासांच्या औषधात बुडवून काढलं आणि वाळवलं. साधी जाळी डासाला नुसती अडवते. मी अडवायचे आणि आडवंही करायचे. शेवटी माझ्या चार कोपऱ्यांना नाड्या लागल्या, कडेला कापडाची एक छोटी पट्टी शिवली गेली. मला कसं वापरावं, कसं धुवावं, हे त्या पट्टीवर छापलेलं होतं. पण अक्षरं मुंगीच्या पायांएवढी होती आणि भाषा परकी होती.

मला विकत घेतलं ते झाडं मोजणाऱ्या एका गृहस्थांनी. हसू नका, असं काम खरोखर असतं. जंगलात जायचं, झाडाच्या बुंध्याला फीत गुंडाळायची, घेर लिहून घ्यायचा आणि पुढच्या झाडाकडे वळायचं. त्यांची मुलगी भिंगरी त्यांना बाबा म्हणते, म्हणून मीही बाबाच म्हणते. कचेरीने त्यांना मध्य आफ्रिकेतल्या एका देशात पाठवलं होतं. विषुववृत्ताजवळचा देश, जिकडे बघावं तिकडे पावसाळी जंगल. लाल चिखलाचे रस्ते, आणि रस्ता संपला की होडी.

तिथे एका लाकडी खोलीत माझ्या चारही नाड्या चार खिळ्यांना बांधल्या गेल्या. खिळे इतके गंजके होते की एकाने मला पहिल्याच दिवशी ओरबाडलं. ते मघाचं एक भोक, ते हे. बाबांनी दोऱ्याने त्याची गाठ मारून टाकली. त्या खोलीत काहीच धड वाळत नसे. वाळत घातलेल्या मोज्यांना बुरशी यायची, चामड्याच्या पट्ट्यावर हिरवी लव उगवायची. बाबा मात्र रोज दिवेलागणीला माझ्या कडा गादीखाली नीट खोचायचे.

"काय हो, नवरीची शेज सजवताय की काय?" शेजारच्या खाटेवरचा मोजणीदार चिडवायचा.

"चिडवा, चिडवा. उद्या तुम्हांला ताप भरला की काढा मीच करून देणार आहे," बाबा म्हणायचे.

त्या शेजाऱ्याला ताप भरला, बाबांना भरला नाही. परत निघताना त्यांनी माझी घडी घातली आणि वरून एक थाप मारली. मित्रांनो, मला मिळालेली शाबासकी म्हणाल तर तीच.

घरी आल्यावर मी कपाटाच्या वर गेले. शेजारी दांडा तुटलेली छत्री आणि फाटका पंप. ते दिवस मोजण्यात अर्थ नाही. कपाटावरून घर मात्र छान दिसतं. पण बाबा परतले तो प्रसंग मी त्याआधी, त्यांच्या उघड्या पिशवीतूनच पाहिला. ते गेले तेव्हा भिंगरी पाळण्यात होती. परतले तेव्हा ती चालू लागली होती. बाबांनी हात पुढे केले, तर ती आईच्या मागे लपली आणि म्हणाली, "आई, हे काका कोण?"

सगळे हसले. बाबाही हसले. मग हात धुवायला म्हणून मोरीत गेले आणि बराच वेळ नळ वाहत राहिला. बाहेर आले तेव्हा म्हणाले, "पुन्हा एकटा जाणार नाही. न्यायचं तर तिघांना, नाहीतर कचेरीला सरळ 'नाही' म्हणून सांगेन."

आणि पुन्हा त्याच जंगलाचं बोलावणं आलं. या वेळी दोन वर्षांसाठी. कचेरी विचारत होती, तिकिटं किती काढायची? बाबा आईकडे बघत होते, आणि आई आपल्या फोनवर तिथल्या रोगांची माहिती वाचत होती.

भिंगरीची आई शिकलेली, हुशार, आणि काळजी करण्यात तर तिचा हात धरणारं कुणी नाही. द्राक्षाचे चार तुकडे केल्याशिवाय ती भिंगरीला देत नाही. जेवणाच्या टेबलावर जेवायला जागा उरली नाही, इतकं सामान मांडलं गेलं. लांब बाह्यांचे सदरे, भिंगरीच्या मापाचे गमबूट, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या. शिवाय हिवतापाच्या गोळ्यांची चौकशी, जास्त पावसाचे महिने कोणते, दवाखाना होडीने किती लांब. वरच्या मजल्यावर राहणारी आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, रोज संध्याकाळी हा पसारा बघायला खाली यायची.

"अगं, जंगलात चाललीस की जंगल विकत घ्यायला?"

"ताई, हसू नका हो. मला रात्रीची झोप नाही."

"मी गोरिला बघणार," भिंगरी टेबलाखालून म्हणाली.

"तुला नाही नेत गोरिलाजवळ," बाबा म्हणाले. "लहान मुलांना सोडतच नाहीत तिथे. माणसाची सर्दी त्याला लागते. तुझं हे नाक बघून तोच पळून जाईल."

भिंगरीने ताबडतोब बाहीला नाक पुसलं. "आता?"

त्या दिवशी मला कपाटावरून खाली काढण्यात आलं. बाबा म्हणाले, "ही असली की अर्धी चिंता मिटली. औषधाची जाळी आहे, हिच्यात मला एक डास चावला नाही." आईने मला उलगडलं, उजेडात धरलं, गाठ मारलेलं भोक तपासलं आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा सैल पडला. ती म्हणाली, "मग भिंगरी हिच्यातच झोपेल. हिच्या भरवशावर मी यायला तयार आहे."

मित्रांनो, कुणी आपल्यावर एवढा भरवसा टाकला की अंग ताठ होतं. माझं तर कापड झिरझिरीत, तरी ताठ झालं.

मग तिने मला नाकाशी धरलं. "हा कसला वास येतोय?"

"औषधाचा. धुतली की जातो," बाबा पासपोर्ट शोधता शोधता म्हणाले.

झालं! भिंगरी झोपेत जे हाताला लागेल ते चघळते, हे आईला ठाऊक होतं. तिने मनाशी हिशेब केला. औषध धाग्यात मुरलेलं आहे, म्हणजे ते कुठे जात नाही. वरवरचं तेवढं काढून टाकू. हिशेब ऐकायला बरोबर होता. तिने मोठ्या पातेल्यात पाणी उकळलं, धुण्याचा सोडा घातला आणि मला बुडवलं. वाळल्यावर हुंगलं. थोडा वास होता. पुन्हा उकळलं. पुन्हा हुंगलं. आठवडाभर तिचा हाच उद्योग. दर वेळी मला गच्चीवर रणरणत्या उन्हात ताणून वाळत घातलं. कडेची ती पट्टी भिंगरीच्या गालाला टोचेल म्हणून कात्रीने कापून टाकली.

मी ओरडत होते. पण जाळीचं ओरडणं कोण ऐकतं? माझ्या अंगातलं औषध पाण्याबरोबर मोरीत चाललं होतं. शेवटी मी पांढरीशुभ्र झाले, वास कसलाही उरला नाही. आत्या म्हणाली, "बघ, कशी दुधासारखी झाली!" आईने मला मायेने घडी घालून पिशवीत ठेवलं. त्या पिशवीत मी होते, पण मी पूर्वीची उरले नव्हते. आणि हे सांगायचं तरी कसं?

त्या देशात शिरायचं तर पीतज्वराची लस घ्यावी लागते, आणि तीही निघण्याच्या पुरेशी आधी. म्हणून तिघं लसीच्या दवाखान्यात गेली. आईने मलाही बरोबर घेतलं. भोकाची गाठ पुरेशी घट्ट आहे का, हे तिला डॉक्टरबाईंना दाखवायचं होतं.

"जाळी घेऊन येणारं पहिलंच बिऱ्हाड बघतेय मी," डॉक्टरबाई हसून म्हणाल्या. त्यांनी गाठ ओढून पाहिली. "गाठ पक्की आहे. औषधाची आहे ना?"

"हो, औषधाची. आणि अगदी स्वच्छ आहे हं. मी सोड्याच्या पाण्यात उकळून काढलीये, पुन्हा पुन्हा. कडक उन्हात वाळवली. आता वास म्हणून नाही तिला."

डॉक्टरबाईंचं हसू थांबलं. त्यांनी मला हळूच टेबलावर ठेवलं. "अहो, अशा जाळीला गार पाणी, साधा साबण आणि सावली. तेही क्वचित. उकळीने, सोड्याने आणि उन्हाने औषध जातं. ही आता साधी जाळी झाली. हिच्यावर औषधाची म्हणून भरवसा ठेवू नका."

आईने मला उचलून पुन्हा हुंगलं. मग बाबांना हसू आलं. "म्हणजे तू डासांसाठी खानावळ धुऊन पुसून ठेवलीस!"

हे म्हणायची ती वेळ नव्हती. आईने मला पिशवीत कोंबलं, भिंगरीचा हात धरला आणि ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. बाबा मागोमाग आले.

"अगं, चेष्टा केली. नवीन जाळी घेऊ. त्यात काय एवढं?"

"प्रश्न जाळीचा नाहीये." आईचा आवाज बारीक झाला होता. "मी आळसाने केलं असतं तर गोष्ट वेगळी. मी काळजीने केलं, जीव ओतून केलं, आणि तिचीच ढाल मोडली. तिथे, जिथे दवाखाना होडीपलीकडे आहे, तिथे मी अशी अजून काय काय करीन? तुम्ही जा. आम्ही दोघी इथेच राहतो."

"मग मीही कचेरीला 'नाही' म्हणून कळवतो."

"आणि आयुष्यभर मला ऐकवाल."

ते खरं होतं, हे बाबांना कळत होतं. वासाची गोष्ट त्यांनीच मान वर न करता उडवून लावली होती, हेही त्यांना आठवलं असावं. ते हळूच म्हणाले, "धुतली की जातो, असं मीच म्हणालो होतो. मी तरी कुठे वाचलं होतं?"

भिंगरी दोघांकडे आळीपाळीने बघत होती. "कोण नाही येणार?" तिने विचारलं. मग तिने बाबांचं बोट धरलं, दुसऱ्या हाताने आईचं धरलं, आणि दोन्ही हात अडकल्यामुळे तिचं नाक वाहत राहिलं.

तेवढ्यात डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि त्याच बाकावर टेकल्या.

"एक सांगू का? इथे येणाऱ्या प्रत्येकाला मी विचारते, औषधाची जाळी आहे ना? सगळे 'हो' म्हणतात आणि जातात. ती कशी धुतली, हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही न विचारता सांगितलंत, म्हणून चूक इथे कळली. तिथे कळली असती तर?"

आई पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "नवीन जाळीचा वास आला तर काय करू?"

"एक दिवस सावलीत उघडी टांगा. बस."

"हिने तोंडात घातली तर?"

"कड गादीखाली खोचा, तोंडाशी येणारच नाही. चुकून चघळली तर घाबरू नका, काढून घ्या आणि तोंड पुसा."

"आणि जाळीच्या बाहेर, संध्याकाळी?"

"लांब बाह्या, अंगाला लावायचं मलम, गोळ्या वेळेवर. एकट्या जाळीवर सगळं सोडायचंच नसतं. आणि जे समजणार नाही ते मला विचारायचं, धुवायच्या आधी."

आईने भिंगरीचं नाक पदराने पुसलं. बाबांनी घाई केली नाही, हे मी आवर्जून सांगते. मग ती उठली, आत गेली, खुर्चीवर बसली आणि तिने बाही खांद्यापर्यंत वर सरकवली.

"आधी मला टोचा," ती म्हणाली. "म्हणजे हिला दिसेल."

सुई शिरली तेव्हा तिने डोळे मिटले नाहीत. भिंगरीने टोचून घेतल्यावर दवाखाना डोक्यावर घेतला, तो भाग वेगळा. बाहेर पडताना आई बाबांना म्हणाली, "कचेरीला कळवा. तीन."

नवीन जाळी आली तेव्हा आईने आधी तिची पट्टी वाचली. परकी भाषा होती ती फोनवर उलगडून घेतली, मोठ्या अक्षरांत लिहून काढली, आणि मगच जाळीला हात लावला. मी गच्चीवर आत्याकडे राहिले. वाईट वाटलं का? वाटलं. पण भिंगरी आज जंगलात चांगल्या जाळीखाली झोपते, याहून जास्त मला काय हवं असणार?

तर मित्रांनो, एवढंच मागते. घरातली कुठलीही वस्तू जपायला घ्याल, तेव्हा ती कशाने टिकते हे आधी बघा, नाही कळलं तर कुणाला तरी विचारा. नुसती आपल्या जिवाची घालमेल शांत व्हावी म्हणून तिला घासत बसू नका. आणि चूक झालीच, तर माझ्या भिंगरीच्या आईसारखी ती सगळ्यांसमोर मोकळेपणाने सांगा. तिने सांगितलं, म्हणून तिघं एकत्र गेली.