गोळी गिळेपर्यंत

हॉस्पिटलात शिरताना एनिफाने एकच चूक केली. ती खरं बोलली.

"पोरीला आकडीचा त्रास आहे, सिस्टर. गोळ्या माझ्याकडे आहेत," असं सांगून तिने कमरेच्या चितेंज्याची गाठ सोडली आणि गोळ्यांची पुडी पुढे केली. सिस्टर काचालेंनी पुडी घेतली, भिंतीतल्या लोखंडी कपाटात ठेवली आणि किल्ली फिरवून ती आपल्या चितेंज्याच्या टोकाला बांधली. आमच्याकडच्या बायकांची तिजोरी म्हणजे ते कमरेचं कापड. पैसे, किल्ली, सुपारीएवढं जे काही जपायचं ते त्याच्या गाठीत.

"वॉर्डात घरची औषधं ठेवायची नाहीत," सिस्टर म्हणाल्या. "मागे एकीने नवऱ्याच्या गोळ्या पोराला चारल्या होत्या. डॉक्टर लिहून देतील, मग आम्हीच देऊ. तू निवांत राहा, यांखोची आई."

नियम काही वाईट नव्हता. नियम सहसा वाईट नसतात, त्यांना फक्त घाई नसते.

यांखो सात वर्षांची. आंब्याच्या झाडावरून पडून तिची मांडी मोडली होती, आणि आता पायाला वजन बांधून तिला खाटेवर टांगल्यासारखं निजवलं होतं. डॉक्टर आले, पाय बघितला, पायाबद्दल लिहिलं आणि गेले. गोळ्यांचं कुणी लिहिलंच नाही. दुसऱ्या दिवशी एनिफा त्यांच्या मागे व्हरांड्याच्या टोकापर्यंत धावली तेव्हा त्यांनी चालता चालता लिहून दिलं. त्यावर औषधाच्या खिडकीतला माणूस म्हणाला, असल्या गोळ्या आमच्याकडे पावसाळ्यापासून आलेल्या नाहीत. मग पोरीच्याच पुडीतली द्यायची ठरलं, पण त्याला सिस्टरची सही हवी, आणि सिस्टर तोवर घरी गेलेल्या. आपलंच औषध, आपल्याच पोरीचं, डोळ्यांसमोर भिंतीत बंद, आणि आई हात पसरून दारोदार. आपल्याच विहिरीचं पाणी शेजाऱ्याकडे मागावं तशी तिची गत झाली.

गोळ्या डोंगरापलीकडच्या मिशनच्या दवाखान्यातून आणलेल्या. एकदा तिथला रस्ता वाहून गेला होता आणि यांखोच्या गोळ्या चुकल्या होत्या. तेव्हा जी आकडी आली ती थांबेचना. शुद्धीवर आल्यावर कितीतरी दिवस पोरीने आईला ओळखलं नाही. बोलणं, चालणं, मक्याच्या घट्ट नसिमाचा घास बोटांनी वळणं, सगळं पहिल्यापासून शिकवावं लागलं. मिशनच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "यावेळी ती परत आली. पुढच्या वेळी येईलच असं धरून चालू नका."

शनिवारी सकाळी बाकीच्या आया बाहेर चुलींवर पेज शिजवत होत्या. एनिफा खाटेपाशीच होती. यांखोचा डावा अंगठा आपोआप उडत होता. मग ती तोंडात काही नसताना ओठ चाटल्यासारखं करू लागली. त्या वेळी असंच सुरू झालं होतं.

नर्स लवनेस नवीनच लागलेली, पण मनाची चांगली. तिने यांखोच्या पापण्या उघडून बघितल्या आणि तिचं तोंड उतरलं. "सिस्टर आज आल्या नाहीत. त्यांचे मामा गेले. मयतीला गेल्यात."

"आणि किल्ली?"

"त्यांच्याच गाठीला."

"दुसरी किल्ली असेल ना गं?"

"ती मागेच हरवली. वर कळवलंय."

आकडी थांबवायची सुईसुद्धा त्याच कपाटात होती. वॉचमन पहार घेऊन आला, "असली कपाटं मी पायाने उघडतो" म्हणाला, आणि पहार वाकवून परत गेला. लोखंड कापायचं यंत्र होतं, पण पहाटेपासून वीज नव्हती. सिस्टरचा फोन बंद होता. मयतीत कोण फोन चालू ठेवतो?

"मी बसते हिच्यापाशी," लवनेस म्हणाली. "तुम्ही पळा, आई."

दारातल्या सायकलवाल्याच्या मागे बसून एनिफा निघाली. त्याने जीव तोडून पॅडल मारले. चिंचेच्या वळणावर मात्र त्याने करकचून ब्रेक लावला, खाली उतरला, टोपी काढली आणि रस्त्याच्या कडेला गवतात बसला. समोरून सिस्टरच्या मामांची अंत्ययात्रा येत होती. एक लॉरीही बाजूला उभी होती, आणि तिचा ड्रायव्हर खाली मान घालून बसलेला.

"अरे, चल ना! पुढे काढ!"

"प्रेताला ओलांडून?" तो म्हणाला. "मावशी, माझं लग्न व्हायचंय अजून."

तोही चुकत नव्हता. मयतीला कुणी ओलांडून जात नाही. मयतीला जो येतो तो आधी बसतो, रडतो, मग तोंड उघडतो. एनिफाला हे आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. पण तिने पायातल्या चपला हातात घेतल्या आणि सगळं गाव बघत असताना पळत सुटली.

पांढऱ्या पोलक्यातल्या बायका गात चालल्या होत्या. त्यांच्यापुढे खांद्यांवर पेटी, आणि सगळ्यांच्या पुढे खांद्यावर कुदळ टाकलेला बामुसी. खड्डा खणणाऱ्यांना आमच्याकडे 'नातू' म्हणतात, आणि बामुसी या नातवांचा म्होरक्या. मयतीच्या दिवशी त्यांच्यापुढे गावच्या पाटलाचंही चालत नाही. ते वाटेल त्याची टिंगल करतात, आधी जेवतात, आणि कुणी चुकलं तर कोंबडी वसूल करतात.

बायकांमध्ये घुसून एनिफाने सिस्टर काचालेंचा दंड धरला. "सिस्टर, किल्ली. यांखोला सुरू होतंय."

सिस्टरना समजायला क्षणभर लागला. मग त्यांचा हात कमरेला गेला, चितेंज्याचं टोक चाचपलं, दुसरं टोक चाचपलं. त्यांनी खाली बघितलं.

"हे ते कापड नाही," त्या म्हणाल्या. "ते मी सकाळी दिलं. भाचीने द्यायचं असतं ना शेवटचं कापड... मामाच्या डोक्याखाली..."

एनिफाने पेटीकडे बघितलं. ती भर रस्त्यात मटकन खाली बसली.

गाणं मागून पुढे विझत गेलं. पेटी वाहणारे गडी थांबले, पण पेटी त्यांनी खांद्यावरच ठेवली. कुजबुज उठली. ही कोण? कुठली? वाटेत का बसली? एक म्हातारबाबा काठी आपटत आले. "उठ गं बाई! कुणाची तू? मयतीत असा तमाशा करतात?"

पेटीच्या मागे दोघींच्या आधाराने एक म्हातारी चालत होती. गेलेल्याची आई, सिस्टरची आजी. तिने त्या दोघींचे हात बाजूला केले आणि पुढे आली. "काय झालं?"

सिस्टर तिच्यापुढे गुडघ्यांवर बसल्या आणि सगळं सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज इतका लहान झाला होता की मागच्या बायकांना पुढचीला विचारावं लागत होतं. आपला दोष त्यांनी एवढासुद्धा झाकला नाही.

म्हातारी एनिफाकडे वळली. "पोरगी जिवंत आहे?"

"मी निघाले तेव्हा होती, आजी."

"मग ठेवा खाली," म्हातारी पेटी वाहणाऱ्यांना म्हणाली.

कुणी हललं नाही. काठीवाले बाबा म्हणाले, "आई, वाटेत पेटी टेकवत नाहीत. मागोमाग दुसरं मरण येतं."

"ते आलंय. तिकडे वॉर्डात पोरीच्या उशाशी बसलंय. तुला दिसत नाही का, एवढे केस पिकवलेस ते?" म्हातारीने पेटीवर तळहात ठेवला. "माझं लेकरू आता कुठे पळून जात नाही. ते थांबेल. तिचं थांबणार नाही."

सगळ्यांच्या नजरा बामुसीकडे गेल्या. तो एरवी अशा वेळी काहीतरी चावट बोलला असता. आज त्याने कुदळ खाली ठेवली. "आजी सांगते ते ऐकू येत नाही का रे? ठेवा. आणि मरण कुणाच्या मागे आलंच तर मला सांगा, खड्डा मीच खणतो."

पेटी लाल मातीवर टेकली. एनिफाने आयुष्यात असं कधी बघितलं नव्हतं. तिच्या आईने बघितलं नव्हतं, आजीनेही नाही. कुणी न सांगता बायकांनी आपापली वरची कापडं सोडली आणि हात उंच करून पेटीभोवती कापडांची भिंत उभी केली. पुरुषांनी पाठी फिरवल्या. एवढा मोठा जमाव, पण कडेवरच्या लहान मुलांकडूनसुद्धा हूं की चूं नाही. बामुसीने कुदळीच्या पात्याने झाकण सैल केलं आणि तोही पाठ करून उभा राहिला.

आत फक्त म्हातारी आणि एनिफा. म्हातारी वाकली. हळूच, झोपलेलं पोर दचकू नये तशी म्हणाली, "वेस्टन, डोकं जरा उचल, बाळा."

तिने एक हात मानेखाली घातला आणि दुसऱ्या हाताने कापड ओढलं. म्हाताऱ्या बोटांनी गाठ सुटेना, म्हणून तिने ती दातांनी सोडली. किल्ली निघाली. तिने ती एनिफाच्या हातात ठेवली, पण कापड परत ठेवताना ती घुटमळली. मेलेल्याला दिलेलं एकदा काढून घेतलं, ते तसंच परत कसं द्यायचं? एनिफाला कळलं. तिने कमरेचं वरचं चितेंजे, निळं, तिच्याकडचं एकुलतं एक चांगलं, सोडून घडी केलं आणि पुढे केलं. म्हातारीने ते लेकाच्या डोक्याखाली सारलं आणि हाताने सपाट केलं.

"आता काय बघतेस?" ती एनिफाला म्हणाली. "जा."

सिस्टर एनिफाच्या हातातून किल्ली घेऊन दिसेल त्या पहिल्या सायकलवर बसल्या. एनिफाला घ्यायला तोच सायकलवाला आला. या वेळी त्याने कुणाला विचारलं नाही. तो पेटीच्या बाजूने, लोकांनी सोडलेल्या वाटेतून, वाऱ्यासारखा निघाला.

एनिफा वॉर्डात पोचली तेव्हा यांखोला आकडी चढली होती. टांगलेल्या पायाचं वजन खाटेवर खडखड आपटत होतं आणि लवनेस रडत रडत तिचं डोकं एका कुशीवर धरून होती. सिस्टर काळ्या मयतीच्या कपड्यांतच कपाटापाशी होत्या. त्यांनी सुई भरली, दिली, आणि दोन बोटं पोरीच्या नाडीवर ठेवून उभ्या राहिल्या. खडखड कमी झाली, मग थांबली. यांखोचा श्वास घोरल्यासारखा चालू लागला.

"ती मला ओळखेल ना?" एनिफाने विचारलं.

"उठू दे," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी खोटं बोलून धीर दिला नाही, आणि एनिफाला त्याबद्दल त्यांचा राग आला नाही. उलट सकाळपासून पहिल्यांदाच तिला त्यांच्यावर भरवसा वाटला.

बऱ्याच वेळाने दारात सावली पडली. बामुसी उभा होता. गुडघ्यापर्यंत लाल मातीने माखलेला, कुदळ बाहेर ठेवून आलेला. वॉर्डातल्या आया दचकल्या. खड्डा खणणारा माणूस हॉस्पिटलात शिरला की कुणालाही धडकी भरतेच.

"काय म्हणते पोरगी?" त्याने विचारलं.

"झटके थांबलेत," एनिफा म्हणाली. "जागी झाली की गोळी द्यायची."

"बरं. मग थांबतो." तो उंबऱ्यातच बसला.

"का?"

"आजीने सांगितलंय. पोरीने गोळी गिळल्याचं कळल्याशिवाय पेटी उचलायची नाही."

एनिफाला वाटलं, आपल्या ऐकण्यात काही चुकतंय. "म्हणजे ती माणसं...?"

"रस्त्यावर बसलीत. आजी पेटीपाशी. पाटील पण. लॉरीवालाही थांबलाय, तो तर आमच्या गावचाही नाही." बामुसीने पाय पसरले. "ऊन काय, सोसता येतं."

एनिफा परत खाटेपाशी गेली. तिच्या पोरीचं नाव ज्यांना ठाऊक नाही अशी सगळी माणसं, आणि एक आई आपलं मेलेलं लेकरू मातीवर ठेवून, तिच्या जिवंत लेकराच्या एका घोटाची वाट बघत होती. एवढं मोठं देणं कुणी कुणाला देत असेल असं तिला कालपर्यंत कुणी सांगितलं असतं तर ती हसली असती. आता तिला बसवेना, म्हणून ती उभीच राहिली.

यांखोने डोळे उघडले. ते आधी छताकडे गेले, मग सिस्टरकडे, मग टांगलेल्या पायाकडे. पोरीने तिच्याकडे बघितलं आणि बघतच राहिली. मग जड जिभेने म्हणाली, "आई, तुझं निळं कुठंय?"

सिस्टरनी यांखोची मान उचलली, गोळी जिभेवर ठेवली आणि पाण्याचा पेला लावला. यांखोने तोंड वाकडं केलं. "कडू आहे."

"गिळ."

तिने गिळली. सिस्टरनी तिला तोंड उघडायला लावून जिभेखालीसुद्धा बघितलं.

बामुसी उठला आणि मातीचे हात चड्डीला पुसले. एनिफा गुडघ्यांवर बसली, टाळ्या वाजवत, जसे आमच्याकडे आभार मानतात तसे.

"माझ्यापुढे नको," तो म्हणाला. "माझ्यापुढे गुडघे टेकलेलं कुणाला लाभत नाही. संध्याकाळी आजीकडे ये, जेवायला." आणि दारातून वळून म्हणाला, "जातो. सगळे वाट बघतायत, आणि माझं अजून एक काम राहिलंय."