दहापैकी दोन गुणांची मेणबत्ती

मित्रांनो, दोन हजार बारा साली माझा जन्म झाला आणि त्याच वर्षी मला दहापैकी दोन गुण मिळाले. दोन्ही गोष्टी मला लख्ख आठवतात. आता माझ्या कडा मऊ पडल्या आहेत, रंग उतरला आहे आणि मी पूर्वीसारखी अखंडही राहिलेली नाही. पण विसरण्याची सवय मला कधी लागली नाही.

मी मेणबत्ती आहे. खरी नव्हे, खेळायच्या पत्त्यावर छापलेली. एका मोठ्या जाड कागदावर आम्ही कितीतरी पाने शेजारी शेजारी छापली गेलो. माझ्या एका अंगाला कुऱ्हाड होती आणि दुसऱ्या अंगाला बंदूक. शाई वाळायच्या आधीपासूनच त्या दोघींचा तोरा दिसत होता. मग यंत्राचे पाते खाली आले, आम्ही सुट्या झालो, कोपरे गोल झाले आणि आमची रवानगी एका काळ्या खोक्यात झाली.

आमचा खेळ भीतीचा होता. समुद्रकाठी एक दीपगृह आहे, त्याला धुक्याने वेढले आहे आणि धुक्यात काहीतरी चालते आहे. खेळणाऱ्यांनी तिथून बाहेर पडायचे. या खेळात कुणी कुणाला हरवत नाही. सुटले तर सगळे सुटतात. एक जरी धुक्यात हरवला तरी सगळे हरतात. प्रत्येकाने मोठ्या ढिगातून आपल्यासाठी तीस पाने निवडून गठ्ठा लावायचा. दर पाळीला तीन ‘दम’ मिळतात आणि ते खर्चून पाने टाकायची. कुणाची भीती दहावर गेली की तो हरवला. असे सहा अध्याय.

माझ्या चित्राखाली लिहिले होते : ‘दोन दम. तुमच्याच खोलीत असलेल्या सोबत्यावर येणारी सगळी भीती ही मेणबत्ती पिऊन टाकते. त्यानंतर हे पान फाडून टाका.’

फाडून टाका! ही ओळ अंगावर घेऊनच मी जन्माला आले होते.

आमचे खोके दादाने विकत घेतले. दादा शहरातली बस चालवायचा. त्याला एक मोठी बहीण होती, ताई, आणि एक लहान, जिला चौतिसाव्या वर्षीही सगळे धाकटीच म्हणत. त्यांची आई आदल्या हिवाळ्यात गेली होती. आई होती तोवर दर रविवारी दुपारी तिघे तिच्याकडे जेवायला जमत. ती गेल्यावर जमायला निमित्त उरले नव्हते. दादाने ताईच्या घरी टेबलावर खोके ठेवले आणि म्हणाला, “नुसते जमलो तर तिघं तीन भिंतींकडे बघत बसू. त्यापेक्षा एकाच धुक्याकडे बघू.”

ताई बेअरिंगच्या कारखान्यात तपासनीस होती. दिवसभर तिच्यापुढून पोलादी कड्या जात. प्रत्येक कडी ती मापात बसवून बघे. बसली तर पुढे, नाही बसली तर लाल डब्यात. तिच्या हातून सदोष कडी कधी सुटली नाही, अशी तिची ख्याती होती. तिने आम्हालाही तसेच हातात घेतले. एक निळी वही काढली, रकाने आखले आणि प्रत्येक पानाला गुण द्यायला सुरुवात केली. दम किती लागतात? काम किती करते? उशिरा हाती आले तर वाया जाते का? एकदाच चालते की पुन्हा पुन्हा?

कुऱ्हाडीला नऊ मिळाले. बंदुकीला साडेआठ. दोरखंडाला सात. माझी पाळी आली तेव्हा तिने मला उजेडात धरले, दोनदा वाचले आणि लिहिले : ‘तीनपैकी दोन दम खाते. धुक्याला ओरखडाही नाही. धरणाऱ्याला उपयोग शून्य. वर एकदाच. गुण दोन.’

“हे दोन तरी कशाचे?” दादाने विचारले.

“चित्र चांगलं आहे,” ताई म्हणाली.

धाकटीने मात्र मला ढिगातून उचलून आपल्या गठ्ठ्यात ठेवले. ती कपडे दुरुस्तीच्या दुकानात काम करायची. लोकांच्या कोटांच्या बाह्या आखूड करायची, कमरा सैल करायची. तिची बोटे सुयांनी टोचून खरखरीत झाली होती, पण त्यांचा स्पर्श हलका होता.

“ती काढ,” ताई म्हणाली. “तिच्या जागी पहार घे. सहा गुण आहेत पहारीला.”

“मला ही आवडते, ताई.”

“आवडीवर धुकं हटत नाही गं. दे इकडे, मी लावून देते तुझा गठ्ठा.”

धाकटीने गठ्ठा दिला. मी ढिगात परतले.

मित्रांनो, हे पाच रविवार चालले. दर वेळी धाकटी मला उचलायची, दर वेळी ताई मला काढायची. धाकटीला तिच्या पहारी आणि साखळ्या कधी टाकायच्या ते कळायचे नाही, मग ताई तिच्या हातातली पाने बघून सांगायची, “हे टाक. आता ते टाक.” दादा वातावरण हलके करायला “पुढे सरका, पुढे सरका, मागे जागा आहे!” असे ओरडायचा. धाकटी हसायची. पण तिचे हसणे दर रविवारी थोडे आखूड होत गेले.

पाचवा अध्याय ते हरले. नियमाप्रमाणे एकदा हरलेला अध्याय पुन्हा खेळता येतो, म्हणून फार बिघडले नव्हते. पण ताई वही उघडून म्हणाली, “धाकटे, तुझ्या गठ्ठ्याची सरासरी कमी पडते. पुढच्या वेळी मी आधीच लावून ठेवीन.”

धाकटीने हातातली पाने पालथी ठेवली.

“मग मी कशाला येऊ गं?”

“म्हणजे?”

“पानं तू निवडतेस, टाकायची कधी तेही तू सांगतेस. माझे फक्त हात लागतात. आईच्या आजारपणातही असंच होतं. औषधाची वेळ तू ठरवायचीस, डॉक्टरांशी तू बोलायचीस. मी नुसती तिच्याजवळ बसायचे. तेव्हाही तू म्हणालीस, नुसतं बसून काय होतं?”

ताईने वही मिटली. दादाने पाणी प्यायला पेला उचलला आणि तो रिकामा असल्याचे बघून पुन्हा खाली ठेवला.

“पुढच्या रविवारपासून तुम्ही दोघं खेळा,” धाकटी म्हणाली. उठताना तिने ढिगातून मला काढून घेतले आणि पर्समध्ये टाकले. चोरीच म्हणायची, पण मला तिचा राग आला नाही.

पुढचे जवळजवळ चार आठवडे मी तिच्या दुकानात, मापाची टेप ठेवायच्या पत्र्याच्या डबीत राहिले. झाकण अर्धवट लागायचे, त्यामुळे सगळे दिसायचे. एक म्हातारे गृहस्थ कोट घेऊन आले. त्यांचा एक खांदा उतरता होता. धाकटीने त्या बाजूला आतून कापडाची घडी भरली. कोट टेबलावर वाकडा दिसू लागला. त्यांनी अंगात घातला तेव्हा सरळ झाला. मी ते पाहिले आणि मला उगीचच धीर आला.

तीन रविवार ती कुठेही गेली नाही. बंद दुकानातच खिडकीशी बसून राहिली.

चौथ्या शनिवारी दुपारी ताई दुकानात आली. हातात तिचा राखाडी कोट होता.

“बाही लांब झालीय,” ती म्हणाली.

धाकटीने तिला कोट घालायला लावला, मनगटाशी बोटे लावली. “बाही बरोबर आहे, ताई.”

“बरोबर आहे?”

“मीच तर केली होती दोन वर्षांपूर्वी.”

ताई आरशासमोर तशीच उभी राहिली. कारखान्यात हजारो कड्या तपासणारी ती बाई, तिला कोटाचे बटण लावणे जमेना. मग ती आरशाकडेच बघत म्हणाली, “त्या शेवटच्या आठवड्यात आई माझं नाव नाही घ्यायची. तुझं घ्यायची. तू जवळ आहेस ना, एवढंच विचारायची. मला ते... ते कुठल्या रकान्यात लिहायचं, कळलं नाही.” वळून म्हणाली, “उद्या ये. गठ्ठा तू लाव. मी बघणारसुद्धा नाही.”

दुसऱ्या दिवशी धाकटी ताईकडे गेली. तिने तीस पाने आपल्या मनाने निवडली. पहार काढली, साखळी काढली आणि मला सगळ्यांच्या मध्ये घातले. ताईने खरेच पाहिले नाही. ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिच्या पायाचा अंगठा सारखा हलत होता.

पाचवा अध्याय सुटला. तासाभराने सहावा, शेवटचा अध्याय सुरू झाला. दीपगृहाचा जिना उतरून खाली बांधलेली होडी गाठायची होती. दादा पुढे होडीपाशी पोचला. ताई आणि धाकटी जिन्याच्या खोलीत होत्या. ताईची भीती सातवर होती आणि धुक्याचे पान उलटले : ताईवर पाच.

ताईने हातातली पाने पसरली. कुऱ्हाड, बंदूक, दोरखंड. सगळी सात-आठ-नऊ गुणांची. ती एकेकावर बोट ठेवत गेली आणि शेवटी बोट थांबले. “संपलं,” ती म्हणाली. “माझ्याकडे काही नाही.”

धाकटीने मला टेबलावर ठेवले. दोन दम बाजूला सारले.

ताईने मला वाचले. पहिल्या दिवशीसारखे उजेडात धरून, दोनदा. तीच अक्षरे होती. पण या वेळी ‘सोबत्यावर’ या शब्दाशी ती थांबली, कारण या वेळी तो सोबती ती स्वतः होती.

पुढच्या पाळीला दोघी होडीपाशी उतरल्या, ताईने कुऱ्हाड टाकली, होडीचा दोर तुटला आणि तिघे धुक्यातून बाहेर पडले. दादाने टेबलावर थाप मारली. “शेवटचा थांबा! सगळ्यांनी उतरून घ्या!”

मग त्यांना माझी आठवण झाली.

“आता कुठे फाडत बसता,” दादा म्हणाला. “खेळ तर संपला.”

“नियम आहे,” धाकटी शांतपणे म्हणाली. “फाड, ताई.”

ताईने मला दोन्ही हातांनी धरले. तिच्या बोटांना पोलादाचा वास होता. तिने इतक्या हळू फाडले की मला प्रत्येक धागा सुटताना कळला. दुखले का? थोडे. पण ढिगात पाच रविवार पडून राहण्याइतके नाही.

वरचा, ज्योतीचा भाग धाकटीने घेतला. खालचा, अक्षरांचा भाग ताईने निळ्या वहीत ठेवला. तुमच्याशी बोलते आहे ती मी या खालच्या भागातून.

पुढे काय झाले, तेही सांगते. दादाने पाठीच्या दुखण्यामुळे बस सोडली. जिना चढताना अजून तो “पुढे सरका” म्हणतो, पुढे कुणी नसले तरी. धाकटी दोन वर्षांनी दुसऱ्या गावी गेली आणि तिथे तिने स्वतःचे छोटे दुकान टाकले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सहा तासांचा प्रवास करून ती येत राहिली. तिघांनी तो खेळ पुन्हा पुन्हा खेळला, माझ्याशिवाय. ताईने वहीत एक नवा रकाना आखला, ‘कुणाजवळ असताना’, आणि सगळ्या पानांचे गुण पहिल्यापासून तपासले.

मागच्या हिवाळ्यात ताई गेली. शेवटचे अकरा दिवस धाकटी तिच्याजवळ बसून होती. नुसती.

नंतर कपाट आवरताना धाकटीला निळी वही सापडली आणि वहीतून मी पडले. तिने पर्समधून टेपची डबी काढली. डबीत माझी ज्योत होती. तिने दोन्ही भाग टेबलावर जुळवून ठेवले. इतक्या वर्षांत कडा झिजल्या होत्या. मध्ये केसाएवढी फट राहिली.

“चिकटपट्टी आणू का?” दादाने विचारले.

“नको,” ती म्हणाली. “फाटलेली असू दे. वापरली गेलीय ती.”

मित्रांनो, पत्ते कोरडे ठेवा, ओल्या हातांनी हाताळू नका, आमचे कोपरे दुमडू नका. आणि एखादे पान निरुपयोगी वाटले, तर त्याला बाजूला टाकण्याआधी टेबलाभोवती कोण कोण बसले आहे तेवढे एकदा बघा. माझे एवढेच मागणे आहे.

वहीत माझ्या नावापुढचा दोनाचा आकडा ताईने खोडून ठेवला होता. त्याच्या शेजारी तिने दुसरा आकडा लिहिलेला नाही. ती जागा अजून कोरी आहे.