चीचाको

युकॉन नदीकाठच्या त्या वस्तीत नव्या, अनुभव नसलेल्या माणसाला ‘चीचाको’ म्हणत. एनार त्वाइटच्या तोंडी हा शब्द जरा जास्तच असे. तीस हिवाळे फासे लावून कातडी विकणारा माणूस. त्याला कोण अडवणार? तसं शब्दात विष नव्हतं. नदी एकदा गोठताना आणि वसंतात तिचा बर्फ फुटताना पाहिला, की तो आपोआप गळून पडे.

त्या वर्षी शाळेवर विनिफ्रेड एम्स आल्या. चाळिशीच्या, आयोवाकडच्या, विचारायला न लाजणाऱ्या. दुकानात शेगडीभोवती पाचसहा जण बसले होते. तिथेच त्यांनी एनारला विचारलं, "नदी ओलांडताना मऊ हिमावरून जावं, की उघड्या बर्फावरून?"

"चालताय कशाला बाई? उडत जा!" एनार म्हणाला. "चीचाकोंना आम्ही पंख देतो. सांगितलं नाही का कुणी?"

सगळे खो खो हसले. बाईही हसल्या. पण त्यानंतर त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही.

डिसेंबरात पैलतीरावरच्या आजारी मुलीला पुस्तकं द्यायला त्या एकट्याच निघाल्या, मऊ हिमावरून. हिमाच्या गोधडीखाली बर्फावर चढलेलं पाणी गोठलं नव्हतं, आणि वरून दिसतही नव्हतं. दोन्ही पाय घोट्यापर्यंत भिजले. त्या तशाच मागे फिरल्या आणि दीड मैल चालत घरी आल्या. उजव्या पायाची गोठलेली चार बोटं कापावी लागली.

एनार भेटायला गेला. "अहो, माझी झोपडी तिथून शंभर पावलांवर! पाय शेकले असते. दार का नाही वाजवलंत?"

"वाजवणारच होते. हात वर केला होता. आत तुम्ही कुणाशी तरी बोलत हसत होतात. म्हटलं, उद्या दुकानात हीच गोष्ट रंगेल."

त्या दुपारी एनारच्या घरात कुणीच नव्हतं. तो आपल्या म्हाताऱ्या कुत्रीशी बोलत होता. पण ते सांगून आता काय उपयोग होता?

फेब्रुवारीत टपालाच्या, कुत्र्यांनी ओढायच्या घसरगाडीवरून बाई कायमच्या निघाल्या. एनारने आपलं अस्वलाचं कातडं त्यांच्या पायांवर घातलं, कडा नीट खोचल्या. माफीचं वाक्य त्याने आठवडाभर मनात घोळवलं होतं. तोंडून निघालं ते एवढंच, "वाऱ्याकडे पाठ करून बसा."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि तशा वळून बसल्या.