किकच्या शाफ्टावरचा मुलामा

मुलाकडे राहायला आलेल्या शोभाकाकूंनी त्याच्या घरी बॅगेतून पुडकं काढलं तेव्हा त्याला मेतकुटाचा वास येत होता. आत वर्तमानपत्र, वर माझ्या बाबांच्या जुन्या धोतराचा तुकडा, त्यावर सुतळी. नागपूरहून मिशिगनमधल्या नोव्हायपर्यंत काकूंनी ते साड्यांच्या घडीत जपून आणलं होतं.

"कस्टमवाल्यानं विचारलं, हे काय? म्हटलं, जावयाचं आहे!"

श्रीरंगने सुतळी दातांनीच तोडली. प्रसन्नला कडेवर घेऊन मी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. आठ महिने मी दुसरं केलंय काय? सकाळी तो चेहरा बघायचा आणि दिवस कसा जाणार ते ओळखायचं.

आतून मोटरसायकलच्या किकचा शाफ्ट, म्हणजे दांडा, निघाला. आरशासारखा लखलखीत.

"अगंबाई, चांदीचा की काय!" काकू म्हणाल्या.

श्रीरंगने त्यावरून नख फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग तो गाडीत जाऊन बसला.

ऑगस्टमध्ये त्याच्या कंपनीने अख्खं डिझाइन सेक्शन घरी पाठवलं होतं. अर्ज, नकार, पुन्हा अर्ज. मार्चमध्ये कुणीतरी शेजारच्या प्लिमथ गावातल्या हॉलोवेचं नाव सांगितलं. म्हातारा इंग्रज, जुन्या ब्रिटिश मोटरसायकली पुन्हा उभ्या करतो. त्याच्या शेडमध्ये पंचावन्न सालची बुलेट दोन वर्षं सुटी पडलेली, कारण किकचा शाफ्ट झिजून तुटलेला आणि तसा दुसरा अमेरिकेत मिळेना, इंग्लंडहूनही येईना. श्रीरंग म्हणे मोठ्यांदा हसला. "ही गाडी आमच्याकडे मद्रासला अजून बनते. नागपुरात गल्लीबोळात मिळेल."

"मग आण," हॉलोवे म्हणाला. "दहा एप्रिलला, शनिवारी, गाडीचा मालक येईल. त्याच्या किकने गाडी सुरू झाली, तर सोमवारपासून तू माझ्याकडे."

आणि नाही झाली, तर बुधवारची माझी आणि प्रसन्नची नागपूरची तिकिटं काढलेली होती. "सहाच महिने," श्रीरंग म्हणायचा. "माझं काहीतरी जमेपर्यंत." माझ्या मैत्रिणीला, मालिनीलाही, तिच्या नवऱ्याने सहाच महिने सांगून घरी पाठवलं होतं. दोन वर्षं झाली. तिच्या मुलीला बाप म्हणजे फोनमधला आवाज.

काकू आल्या तो गुरुवार होता.

घरी आल्यावर मी पुडक्यातली बाबांची चिठ्ठी वाचली. 'नवीन शाफ्ट पंधरा दिवस मिळणार नाही म्हणाले, म्हणून सीताबर्डीच्या मेकॅनिकने एका चांगल्या गाडीचा काढून दिला. पण काळाकुट्ट. जावईबापूंना अमेरिकेत असा कसा पाठवायचा? इतवारीत निकेलचा मुलामा चढवून घेतला. चांगला जाड हात दे म्हटलं, दोनदा दिला.'

गॅरेजमधून श्रीरंगने हाक मारली. हॉलोवेने दिलेलं गिअरबॉक्सचं झाकण त्याच्या पुढ्यात होतं. झाकणातल्या बुशमध्ये, म्हणजे पितळी नळीत, शाफ्ट बोटभर गेला आणि अडला.

"बघ. मुलाम्यामुळे केसाएवढा फरक. पण जात नाही."

"पॉलिश पेपरने घासला तर?"

"हाताने घासला की गोल राहणार नाही. डगडगेल. तुझ्या बाबांना काय शोकेसमध्ये ठेवायचा होता का?"

"त्यांनी प्रेमानं–"

"प्रेम बुशमध्ये जात नाही, सुलेखा!"

शाफ्ट त्याने कोपऱ्यात भिरकावला. आतून प्रसन्नने विचारलं, "डॅडी मॅड?"

"नो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

शुक्रवारी सकाळी तो कुठे मशीनवर ग्राइंडिंग करून मिळतं का बघायला गेला. शाफ्ट नेला नाही, फक्त मापं लिहून नेली. आधी कोणी हो तरी म्हणू दे, म्हणाला. गेल्यावर मी बाबांची चिठ्ठी पुन्हा वाचली. निकेल. दोनदा.

मी एम.एस्सी. आहे, केमिस्ट्री. श्रीरंग चारचौघांत म्हणतो, "आमच्याकडे कढीसुद्धा एम.एस्सी. असते." त्या डिग्रीचा या देशात दुसरा उपयोग झालेला नाही. पण मुलामा विजेने चढतो आणि तारा उलट जोडल्या की विजेनेच उतरतो, हे मी नागपूरच्या लॅबमध्ये हाताने केलं होतं. खालचं पोलाद तसंच राहतं, गोलाईला धक्का लागत नाही.

गॅरेजमध्ये जुनी बॅटरी होती, विटा धुवायचं ॲसिड होतं. भीती एकाच गोष्टीची होती, प्रसन्नची. त्याला खिडकीपाशी प्लेपेनमध्ये ठेवलं, बाहेर ड्राइव्हवेवर प्लॅस्टिकची बादली मांडली, म्हणजे काचेतून तो मला दिसेल. एप्रिल असून कडेला बर्फ होतं. वारा माझ्याकडून रस्त्याकडे वाहतोय ना, ते दोनदा पाहिलं. मग पाण्यात ॲसिड मिसळून शाफ्ट त्यात सोडला आणि बॅटरीच्या तारा उलट जोडल्या.

बुडबुडे आले. पाणी हळूहळू हिरवं व्हायला लागलं. निकेलचा हिरवा! ओळखीचं माणूस भेटावं तसं झालं. मिनिटं मोजत होते, शाफ्ट फिरवत होते आणि दर वेळी मान वर करून खिडकीत बघत होते. एकदा बघितलं तर प्रसन्न दिसेना.

तारा ओढून काढल्या, हातमोजे तिथेच टाकले आणि धावले. पायरीवर घसरले. प्लेपेनच्या कोपऱ्यात तो माझी ओढणी तोंडात धरून झोपला होता. मी तिथेच जमिनीवर बसून राहिले. हे काय करतेय मी? पोराच्या दहा पावलांवर ॲसिड मांडून कुणाला वाचवतेय? तरी उठले. मोजे चढवले. पुन्हा तारा जोडल्या.

दीड तासाने शाफ्ट काढला, भरपूर पाण्याने धुतला. करडा, निस्तेज. बुशमध्ये घातला, अगदी अलगद सरकला. झाकणातून पार गेला.

आणि तेव्हाच दुसरी गोष्ट आठवली. असं कडक पोलाद ॲसिडमध्ये ठेवलं की त्यात हायड्रोजन शिरतो. दिसायला धड, पण जोर पडला की काचेसारखं तुटतं. उपाय एकच, तो लगेच काही तास मंद तापवत ठेवायचा. आमच्या ओव्हनमध्ये आजवर कढया, तवे आणि कुकरची भांडीच राहत आली होती. सगळं बाहेर काढलं. शाफ्ट ट्रेमध्ये ठेवला, पावणेचारशे फॅरनहाइटवर काटा लावला.

दुपारी श्रीरंग परतला. "मंगळवारच्या आत कोणी हात लावत नाही," म्हणाला. मग ओट्यावरची भांडी पाहिली, ओव्हनमध्ये डोकावला.

"हे... उतरलं? सगळं?"

"बुशमध्ये जातो. मी बघितलं."

"मग बाहेर काढ! आज रात्रीपर्यंत शेडमध्ये जाऊन गिअरबॉक्स बंद करायचाय मला."

"अजून अडीच तास."

"सुलेखा, वेळ नाहीये यार!"

"आत्ता काढलास तर किक मारताना तुटेल." ओव्हनला पाठ लावून मी उभी राहिले. पाठ भाजत होती. "मला बाजूला कर आणि काढ."

तो खुर्ची ओढून समोर बसला. अडीच तास आम्ही दोघं त्या ओव्हनच्या काचेकडे बघत होतो.

शनिवारी मी हट्टाने बरोबर गेले. बुलेटचा मालक सहा फुटांचा, जाड बुटांचा. त्याने सगळं वजन घालून किक मारली. मी डोळे मिटले. काही तुटल्याचा आवाज आला नाही, पण इंजिनाचाही नाही. दुसरी. तिसरी. पाचवीनंतर मालकाने श्रीरंगकडे असं पाहिलं की मी प्रसन्नला घट्ट धरलं. श्रीरंग वाकला, कार्ब्युरेटरवर काहीतरी दाबलं. "अगेन," म्हणाला.

आठव्या किकला ती धडधडली. प्रसन्न घाबरून रडायला लागला आणि त्या आवाजात मीही रडून घेतलं.

हॉलोवे गुडघ्यावर बसून बाहेर आलेलं शाफ्टाचं करडं टोक बघत होता. "हे कोणी उतरवलं?"

श्रीरंगने माझ्याकडे बोट केलं.

"हं," म्हातारा म्हणाला आणि श्रीरंगकडे वळला. "सोमवारी आठ वाजता. महिनाभर बघतो."

परत येताना श्रीरंग म्हणाला, "महिनाभरच आहे हं. तिकिटं पुढे ढकलू फक्त."

घरी आल्याआल्या मी एजंट गुरुदत्तला फोन लावला.

"मेमध्ये टाकू का, वहिनी?"

"नाही. कॅन्सल करा."

श्रीरंग दारात उभा होता. ऐकून तो आत आला आणि ओट्यावरची भांडी ओव्हनमध्ये परत ठेवू लागला.

मग बाबांना पत्र लिहायला बसले. बोटांना अजून ॲसिडचा वास होता. लिहिलं, 'शाफ्ट मिळाला. जावई खूश आहेत. पुढच्या वेळी काही पाठवाल तर जसं असेल तसंच पाठवा, बाबा. इथल्या लोकांना जुनं काळंच आवडतं.'